इंग्रज रेती कायले नेत होते?

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात माझा सत्कार झाला. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडळानं पूर्वी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, केलेलं माझं नाटक आता पुस्तकरूपानं येणार आहे, त्यानिमित्तानं. तिथल्या मराठीच्या बाई नाटकातल्या एकाच वाक्यावर बराच वेळ बोलल्या. इंग्रज साहेब गावकऱ्यांना म्हणतो, "भेऊ नोका जी, मी तुमचाच मानूस आहो." परके गेले तरी लूट आपल्या बोलीत चालूच राहते, हे लेखकानं एवढ्याशा वाक्यात दाखवलं, असं त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

ते वाक्य माझं नाही.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. बी.ए.ला आम्हाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. परक्या कंपनीचा माणूस बोटीनं मोठ्या नदीतून आत जातो, हस्तिदंताचे ढीग लावतो आणि आपण इथल्या लोकांना सुधारायला आलो आहोत असं बोलत राहतो. मी ती परीक्षेपुरती वाचली, पण तो माणूस डोक्यातून गेला नाही.

आमच्या मंडळात माझा एक मित्र होता. व्यवसाय मासेमारीचा, आणि उन्हाळ्यात वैनगंगेचं पाणी उतरलं की पात्रातल्या रेतीत टरबूज-डांगराची वाडी लावायची. नट म्हणून त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. रेतीघाटाचा लिलाव आमच्याच भागातल्या एका ठेकेदाराला गेला आणि पात्रात ट्रॅक्टर उतरले. रेती गेली, खड्डे राहिले. खड्ड्यात वेल लागत नाहीत. मित्र तक्रार घेऊन तहसिलीत जाऊन आला आणि माझ्याकडे आला.

"गुरुजी, तिथं आपलं कोनी आयकत नाही. मंडईले तर सारा गाव येते. नाटकात बोलू ना जी."

मी त्याला कादंबरीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "म्हंजे हा आपला ठेकेदारच का? फक्त ट्रॅक्टरच्या जागी बोट आहे."

तसंच मी नाटक लिहिलं. हस्तिदंताच्या जागी रेती, बोटीच्या जागी ट्रॅक्टर आणि कंपनीच्या माणसाच्या जागी पांढऱ्या कपड्यांतला, बोटांत अंगठ्या घातलेला ठेकेदार. ती भूमिका मित्र करणार होता. त्याला ठेकेदाराची चाल, बोलणं, पान खाणं, सगळं येत होतं.

मग मंडपाचा आणि वडसाच्या नाटक कंपन्यांतून बोलवायच्या स्त्री कलावंतांचा खर्च ठेकेदारानं उचलायचं कबूल केलं आणि तो माझ्या घरी चहाला आला. माझा मुलगा तेव्हा ठेकेदाराच्या भावाच्या शाळेत तात्पुरता शिक्षक होता, कायम व्हायचा होता.

"नाटक कोनतं बसवून राहिले गुरुजी?"

"इंग्रजांच्या काळातलं," मी म्हणालो. असं काही म्हणायचं मी ठरवलं नव्हतं, पण म्हणालो. त्या आठवड्यात मी ठेकेदार खोडून तिथं गोरा साहेब केला आणि ट्रॅक्टर काढून बैलबंड्या घातल्या. रेती तशीच राहिली, कारण तिच्यावर सगळे प्रवेश उभे होते.

तालमीत पेटीवाल्यानं विचारलं, "गुरुजी, इंग्रज रेती कायले नेत होते जी? लंडनात रेती भेटत नाही का?"

सगळे हसले. मीही हसलो. मित्र हसला नाही. तो म्हणाला, "माह्या तोंडाले पांढरं फासता, अन् ज्याच्या तोंडाले काही लावाचं होतं तो पुढच्या खुर्चीत बसन."

तरी त्यानं भूमिका सोडली नाही. ठेकेदार खरंच पुढच्या खुर्चीत होता आणि साहेबाविरुद्धच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या अंकात साहेबाच्या तोंडी मी एक पुस्तकी भाषण घातलं होतं, ज्ञानाचा प्रकाश वगैरे. मित्रानं ते म्हटलंच नाही. त्यानं टोपी काढली, उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, "भेऊ नोका जी, मी तुमचाच मानूस आहो."

हे ठेकेदाराचं वाक्य होतं. लग्नात, निवडणुकीत, कोणाच्या शेताच्या धुऱ्यावरून ट्रॅक्टर गेला तरी तो छातीवर हात ठेवून हेच म्हणायचा. आधी बायकांच्या बाजूनं हसू फुटलं, मग सगळा मंडप हसायला लागला. पुढच्या खुर्चीतल्या टाळ्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ठेकेदारानं मला बाजूला घेतलं. "ते वाक्य तुमी लिवलं का?"

"नाही जी. त्यानं आपल्या मनानं टाकलं."

खरं तेच होतं. पण मी ते खरं आहे म्हणून सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरची वाट मित्राच्या उरल्यासुरल्या वाडीतून गेली. वेल फुलोऱ्यावर होते. त्यानं पुन्हा वाडी लावली नाही, नागपूरला एका इमारतीवर चौकीदार म्हणून गेला. माझा मुलगा कायम झाला.

निवृत्तीनंतर ती कादंबरी मी पुन्हा वाचली. परीक्षेत मी मुख्य माणसाच्या लोभावर पानं भरली होती. त्याच्या आजूबाजूला बढतीची वाट बघत बसलेले कंपनीचे कारकून तेव्हा मला दिसलेही नव्हते. या खेपेला मी त्यांच्यापाशीच अडलो.

नाटक पुढे इतर गावांत झालं, ते वाक्य टिकलं. लोक माझी तारीफ करायचे. आधी मी गप्प राहायचो, पुढे पुढे "सुचलं तसं" म्हणायला लागलो.

सत्कारानंतर मी मित्राकडे गेलो. तो आता गावात परत आला आहे, गुडघेदुखीनं घरीच बसला आहे. पुस्तकात त्या वाक्याखाली तुझं नाव टाकतो, सगळी हकीकत लिहितो, असं मी म्हणालो.

"शाल भेटल्यावर आठवलो का गुरुजी?" तो हसला. मग म्हणाला, "नाव नोका टाकू."

"काहून?"

"पोरगा टिप्पर चालवते. त्याईचाच. आता ठेकेदाराचा पोरगा पाहते सारं. नाव छापून आलं का चावी काढून घेतीन." सून चहा ठेवून आत जाईपर्यंत तो थांबला. "लिवाचंच असन तर लिवा का ते तुमचं नोहोय. त्याले कोनाची परवानगी लागते?"

म्हणून इथे कोणाचंच नाव नाही. पुस्तक छापणाऱ्यांना मी फोन करून सांगितलं, त्या वाक्याखाली टीप द्या: हे वाक्य लेखकाचं नाही.

"मग कोणाचं, सर?" त्यांनी विचारलं. "अर्धवट वाटेल ते."

"वाटू द्या," मी म्हणालो. "तेवढंच छापा."