चौथी फ्लॉपी

वाकोल्यातल्या धर्मादाय क्षयरोग दवाखान्यात मी तीन वर्षं कंप्युटरवर काम केलं. बी.एस्सी. झाल्यावर सहा महिन्यांचा एक कोर्स केला होता, तेवढ्यावर लागले. एका कंपनीने त्यांचा जुना कंप्युटर दवाखान्याला देऊन टाकला होता. हिरव्या अक्षरांचा पडदा आणि ताटाएवढ्या फ्लॉप्या. त्यात मी एकेक पेशंट चढवला: नंबर, नाव, पत्ता, औषध कधी सुरू झालं, कधी संपणार. एका फ्लॉपीवर साधारण शंभर माणसं मावत.

सगळे चढवून झाल्यावर कोपऱ्यातल्या, पेशंटच्या जुन्या कार्डांच्या पेट्या मीच रद्दीत द्यायला लावल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "राहू दे की, काय खातायत?" मी म्हटलं, "जागा खातायत." त्या जागेवर दोन खुर्च्या आल्या आणि मला ते मोठं काम केल्यासारखं वाटलं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा नवा कंप्युटर आला. त्याच्या फ्लॉप्या लहान होत्या, जुनी फ्लॉपी त्यात शिरणारच नव्हती. अंधेरीहून एक इंजिनिअर आला. त्याने दोन्ही मशिनं एका टेबलावर शेजारी ठेवली, मधे स्वतः डाग देऊन केलेली एक वायर जोडली आणि मला दोन्हीकडे काय टाइप करायचं ते लिहून दिलं. जुन्याकडून अक्षरं निघायची, नव्यावर ओळीओळीने उमटायची. एका फ्लॉपीला पाऊण तास लागे. पहिल्या तीन सुरळीत गेल्या. चौथी घातली तेव्हा मशीन खरखरलं आणि वाचता येत नाही असं सांगून थांबलं.

इंजिनिअरने फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली. भोकातून दिसणाऱ्या काळ्या चकतीवर पांढरे ठिपके होते.

"बुरशी आहे," तो म्हणाला. "हिची कॉपी असेल ना?"

कॉपी नव्हती. कोऱ्या फ्लॉप्या मिळत नव्हत्या हे खरं, पण मी मागितल्याही नव्हत्या. त्याने कापसाला स्पिरिट लावून चकती पुसली, चार वेळा घालून पाहिली आणि मग वायर गुंडाळायला लागला. तीनशे एक ते चारशे, एवढी माणसं गेली.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "यातले औषधावर किती होते?" तेही त्याच फ्लॉपीवर होतं. घरोघरी जाऊन पेशंटची चौकशी करणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, मालवणकडच्या, वीस वर्षं त्याच गल्ल्या तुडवलेल्या. त्या म्हणाल्या, "माणसां खंय जातत गो? तुझा मशीन गेला. माणसां हयच आसत."

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन त्यांच्याबरोबर फिरायला लागले. नंबर त्यांना एकही ठाऊक नव्हता. त्यांच्या डोक्यात माणसं दारांनी लावलेली होती: नळाजवळची म्हातारी, तिची सून, पिठाच्या गिरणीवरचा एक, दोन भाऊ एकाच खोलीतले. दार वाजवायचं, बाईंनी तब्येत विचारायची, मी नाव आणि तारखा लिहून घ्यायच्या. लोक चहा विचारत. कुणी गोळ्यांची रिकामी पाकिटं आणून दाखवी, त्यावरून तारीख जुळवता येई. आठवड्याभरात सत्तरच्या वर माणसं वहीत आली आणि मी पुन्हा जरा ताठ चालायला लागले.

मग एका दारावर पन्नाशीचा एक माणूस बाहेर आला. पूर्वी कापडगिरणीत होता, आता एका कारखान्यावर वॉचमन. आम्हाला बघून त्याने मागे दार ओढून घेतलं. मी फ्लॉपीचं सांगितलं. आतापर्यंत ते मला पाठच झालं होतं.

"गेलं म्हणता ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "मग जाऊ द्या ना. परत कशाला लिहिता?"

"अजून चार महिने औषध आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

"औषध घेतो. नाव नको. रविवारी पोरीला बघायला येतायत. मुलाचा मामा इथेच राहतो, पुढच्या गल्लीत."

"अहो, यादी कुणाला दिसत नाही," मी म्हटलं. "ती कंप्युटरमध्ये असते."

त्याने माझ्या वहीकडे पाहिलं. "आणि तुम्ही ही वही घेऊन दारोदार फिरताय, ते? बाई एकट्या यायच्या तेव्हा कुणाला कळत नव्हतं."

शेजारच्या ओट्यावर दोन बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्ही आल्यापासून त्यांचे हात थांबले होते, हे मला तेव्हा दिसलं. आठवडाभर आम्ही सत्तर दारांपुढे असंच उभं राहिलो होतो. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

बाईंनी माझ्या हातातली वही घेतली आणि मिटून पिशवीत टाकली. मग मुद्दाम मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बरं बरं, लहान मूल नाही ना घरात? मग पोलिओचा डोस नको." आणि चालायला लागल्या. कोपऱ्यावर आल्यावर मला म्हणाल्या, "ह्याका लिव नको. मी बघतंय."

उरलेल्या घरांना त्या एकट्या गेल्या. संध्याकाळी दवाखान्यात येऊन सांगत, मी टाइप करी. जुने नंबर कुणालाच आठवत नव्हते, म्हणून या सगळ्यांना ओळीने नवे नंबर दिले, त्यामुळे एक माणूस कमी आहे हे यादीत कुठेच दिसलं नाही. सात-आठजण वस्ती सोडून गेलेले, चौघे वारलेले. काही बाईंनाही आठवले नाहीत. त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई गोळ्यांचा साठा तपासत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, यादीपेक्षा एक माणूस जास्त गोळ्या खातोय."

मी टाइप करायची थांबले.

"खाऊ दे की," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "थुंकी तपासून घेतली का त्याची?"

"घेतली. साफ आहे."

"एक्स-रे राहिलाय. दुपारी पाठवा, गर्दी नसते," त्या म्हणाल्या आणि पुढचा खोका उघडला.

त्याचा औषधाचा कोर्स पुरा झाला. ते लग्न मात्र जमलं नाही. मुलाकडच्यांना जागा लहान वाटली, असं बाईंनी सांगितलं. आजाराचा विषयच निघाला नव्हता. पुढच्या वर्षी त्या मुलीने एका टायपिंगच्या क्लासात नाव घातलं आणि नंतर सांताक्रूझला एका ऑफिसात लागली. हे सगळं मला बाईंकडूनच कळत होतं. मी त्या गल्लीत पुन्हा गेले नाही.

बाई निवृत्त होऊन गावी गेल्या त्या महिन्यात मीही अंधेरीच्या एका कंपनीत लागले. शेवटच्या आठवड्यात मी सगळ्या फाइलींच्या दोन-दोन कॉप्या करून कपाटात ठेवल्या. किल्ली डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पर्समध्ये टाकली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.