पट्ट्यातले बोंबील

बोईसरच्या बाजारात अजूनही एखादी बाई सुक्या बोंबलांची जुडी नाकाशी धरते आणि विचारते, "पट्ट्यातले नाहीत ना गं?" तो पट्टा कुठे आहे, हेही तिला बहुधा माहीत नसतं. सासू विचारायची म्हणून सून विचारते. या प्रश्नाचं खरं उत्तर मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी ते दिलं नाही.

पट्टा म्हणजे कारखान्यांचा घातक कचरा पुरतात त्या जागेभोवतीची मोकळी जमीन. कचऱ्याची जागा झाली तेव्हा या जमिनीला तारा लागल्या आणि फलक उभे राहिले: बांधकाम, विहीर, शेती, गुरे चारणे व इतर कोणताही वापर मना. जमीन मात्र ज्याची त्याच्याच नावावर राहिली. लोकांना हे पचायला फार जड गेलं. सातबारा आपला आणि त्यात मिरचीचं रोपसुद्धा लावायचं नाही? एक म्हातारा मला म्हणायचा, "मग काय, नुसतं बगायचं? शिनेमा हाय काय?"

मी त्या पट्ट्यावर मुकादम होतो. तारा शाबूत आहेत का बघायचं, गुरं हाकलायची, आणि कोणी विचारलं तर नियम समजावून सांगायचा. हे शेवटचं काम मला फार आवडे. वाडीवाल्यांच्या घरातला मी, थोडाफार शिकलेला. कायदा मीच लिहिल्यासारखा सांगत असे.

आमच्या गावच्या एका मच्छीमार घराचं खळं, म्हणजे मासळी सुकवायची जागा, त्या पट्ट्यात गेलं. घरधनी माझा शाळेतला सोबती. तो लवकर गेला, आणि होडीचा वाटा, मुलं, सुकवण, सगळं त्याच्या बायकोवर आलं. मी तिला वैनी म्हणत असे. बोंबलांचा हंगाम तोंडावर आला तशी ती माझ्याकडे आली.

"मुकादम, आमचं खळं तुमच्या तारंत गेलं. आता बोंबील काय डोक्यावर वाळवू?"

"किनाऱ्यावर घाला ना, वैनी."

"किनाऱ्यावर जिची तिची जागा ठरलेली. तिथं वलांडी रोवली तर त्या बाया माझाच बोंबील करतील."

वलांडी म्हणजे बांबू रोवून दोऱ्या ताणलेला मांडव. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. मासा जमिनीला शिवतसुद्धा नाही. मी तिथेच घसरलो. मनात म्हटलं, बंदी जमिनीवर आहे. विहीर जमिनीत जाते, पीक जमिनीतून येतं, गुरं जमिनीवरचं खातात. बोंबील तर हवेत असतो. फलकावरचे "इतर कोणताही" हे शब्द सरकारी मजकुरात ओळ भरायला असतात, अशी माझी समजूत होती.

"घाला," मी म्हणालो. "काही होत नाही."

"नक्की ना? मागून माझ्या गळ्यात नको."

"मी आहे ना!"

पहिला माल सुकला तेव्हा ती एक जुडी घेऊन आमच्या घरी आली. माझ्या बायकोने वांग्यात घालून कालवण केलं. मी दोनदा भात घेतला.

त्यानंतर लगेच पाहणीसाठी एक अधिकारी बाई आल्या. वलांडी बघून त्या जागीच थांबल्या. "काका, हे काय? कोणी परवानगी दिली?"

वैनी वलांडीपाशीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "मॅडम, मी किती वेळा सांगितलं यांना. ऐकतच नाहीत."

"काय बोलता, मुकादम? तुमीच तर घाला म्हनालात!"

मी चष्मा काढून रुमालाने पुसत बसलो. माझा उरलेला सगळा जबाब तोच.

अधिकारी बाई मात्र तिच्याशी रागाने बोलल्या नाहीत. त्यांनी बोट दाखवलं. खड्ड्याकडे कचऱ्याचे ट्रक चालले होते आणि मागे धूळ उठत होती. त्या म्हणाल्या, "मावशी, माती एका जागी बसत नाही. वाऱ्यावर येते आणि ओल्या मासळीला चिकटते. म्हणून तर एवढी जमीन मोकळी सोडायची." वैनीने धुळीकडे बघितलं, मग बोंबलांकडे. तिने एवढंच विचारलं, "म्हनजे ही माती पोरांच्या पोटात जाईल?" बाईंनी हो म्हणून मान हलवली.

मग तिने स्वतःच दोऱ्या उतरवल्या. कोणी तिला सांगितलं नव्हतं. दोऱ्यांवरचा आणि बांधून ठेवलेला सगळा माल तिने खड्ड्यावरच्या जेसीबीच्या सुपात टाकला, आणि तो मातीखाली जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. मी बाजूलाच होतो. गावातलं तिसरं कोणी तिथे नव्हतं. त्या जागेवरची एकच जुडी बाहेर गेली, आणि ती माझ्या घरात शिजली.

गावात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. हिने बंदी मोडून चोरून मासळी सुकवली आणि तसलं विष पालघरपर्यंत विकलं. ती प्रत्येकाला खरं सांगत राहिली. लोक म्हणत, मुकादम तर असं म्हणत नाही. मला विचारलं की मी म्हणे, "जाऊ द्या, झालं ते झालं." ऐकणाऱ्याला वाटे, माणूस मोठ्या मनाचा आहे. माल पुरल्याचं सांगितलं असतं, तर वलांडी तिथे आली कशी, हेही सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी गप्प राहिलो. पुढे निवृत्त झालो, नोकरीची भीती गेली, तरी तोंड उघडलं नाही. तोवर सवय झाली होती.

यंदा गावात सुकवणीसाठी सिमेंटचे ओटे बांधले. कोणाला कुठला ओटा, हे मच्छीवाल्या बायकांच्या गटाने ठरवायचं. वैनीच्या सुनेला ओटा द्यायचा नाही, असं बोलणं चाललं होतं. हे मला माझ्याच सुनेने सांगितलं, मासे निवडता निवडता. मी बैठकीला गेलो.

गटाची प्रमुख बाई सरळ बोलणारी होती. "आमचं तिच्याशी वैर नाय. पन तिचे बोंबील आमच्या बाजूला वाळले, तर गिऱ्हाईक आमाला पन टाकील."

मी उठलो आणि सांगितलं. परवानगी मी दिली, खोटं मी बोललो, माल तिने पुरला, आणि एक जुडी मी खाल्ली. इतकी वर्षं ज्याची धास्ती होती ते सांगायला एवढासा वेळ लागला. कोणीतरी मागून म्हणालं, "मग तुमाला काय झालं नाय ते?" बायका हसल्या. मला हसता आलं नाही.

वैनी भिंतीला टेकून बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. ती म्हणाली, "मी तवापासून हेच सांगते. आज मुकादमांच्या तोंडून आलं, तवा खरं झालं." मग माझ्या दिशेने तोंड करून, "मला दात होते तवा बोलला असतात, तर माझे बोंबील मी तरी सुखानं खाल्ले असते."

ओटा मिळाला. पण प्रमुख बाईने मला दाराशी अडवलं. "इथं बोललात, बरं केलंत. बाजारात कोन बोलनार?"

म्हणून आता बाजाराच्या दिवशी मी वैनीच्या सुनेच्या पाटीशेजारी स्टूल टाकून बसतो. कोणी पट्ट्याचं काढलं की ती माझ्याकडे हात करते, "इचारा त्यांना." मग मी सांगतो. काहीजणी अर्ध्यावरच निघून जातात. गुडघ्यांमुळे मला प्रत्येक बाजार जमत नाही, म्हणून हे लिहूनही ठेवतो आहे.

मागच्या खेपेला एका बाईने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग जुडी उलटसुलट करून सुनेला विचारलं, "म्हणजे चांगले आहेत ना? मग भाव कमी कर."

"भाव नाय कमी होनार," सून म्हणाली. "चांगले हायत."