आटलेल्या तलावाचा ताळेबंद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या घरात बसून लिहितोय ते घर याच गोष्टीवर उभं आहे, आणि तिला वाटतं, माझ्या पगारातल्या बचतीतून झालं. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणून तर जीभ उचलतेय. ओळखीच्या माणसापुढे नाही उचलत. करून पाहिलंय. चहा मागवायचा, घसा खाकरायचा, आणि मग पावसापाण्याचं बोलून उठायचं.

कुठून सुरू करू? गुणोत्तरांपासून करतो. हसू नका.

कंपनी बुडणार की तरणार, हे तिच्या ताळेबंदावरून आधी कळू शकतं. वर्षभरात हाती येणारा पैसा एकीकडे, वर्षभरात द्यावा लागणारा दुसरीकडे. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. दोनाच्या आसपास आलं तर कंपनी निवांत झोपते, एकाच्या खाली आलं की झोप उडते. मग त्यातून न विकलेला माल वजा करून पुन्हा भागायचं, कारण माल म्हणजे काही पैसा नव्हे. मग बघायचं, मालकाच्या स्वतःच्या रुपयावर उसना पैसा किती चढलाय, आणि नफ्यातून निदान व्याज तरी सुटतं का. एम.कॉम.च्या पुस्तकात तर अशी पाच गुणोत्तरं वजनं लावून एकत्र करायची रीत होती. शेवटी एकच आकडा यायचा, आणि तो ठरावीक रेषेखाली गेला की समजायचं — हिचं काही खरं नाही. त्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. मोठा आला हुशार!

तर मी ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातला. मूल गावाच्या पुढे, गडचिरोलीच्या वाटेवर आमचं गाव. गावाला जुना मालगुजारी तलाव. आमच्याकडे पाण्यातली मासोळी मोजत नाहीत. औंदा किती निघेल असं कोणी विचारलं की बाबा नुसते पाण्याकडे बघत आणि जाळं आवरायला लागत. पाळीवर, तलावाच्या बांधावर, येऊन पडली की मासोळी आपली, तोवर ती तलावाची. लहानपणी मी एकदा आकडा बोललो, तर बाईने टपली मारली होती. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, यमुना. आई लवकर गेली, मला वाढवलं ते हिनेच.

चंद्रपूरला शिकलो आणि तिथेच एका मासळी कंपनीत हिशेबनीस झालो. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. कंपनीने आसपासचे तलाव ठेक्याने घेतले होते, मूल रोडला बर्फाचा कारखाना होता, मासोळी पेट्यांत भरून नागपूरला आणि तिथून रेल्वेने कलकत्त्याला जायची. गावोगावचे ढिवर मासोळी कंपनीला घालत, आणि पुष्कळ जण पैसे तिथेच व्याजाने राहू देत. आपला पोरगा ऑफिसात बसतो ना, मग काय भीती! बाईही त्यातलीच. भाऊजी वारल्यापासून ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून झिंगे पकडायची, बाजारात विकायची, आणि उरलं ते कंपनीत ठेवायची. वनिताला, तिच्या पोरीला, नर्स करायचं होतं. बारावी झाली की नर्सिंगला घालायचं. त्या पैशाला तिने सणावारालाही हात लावला नाही.

आता ऐका, कंपनीत माझं काम काय होतं. मार्चअखेर ताळेबंदात मालाचा साठा दाखवावा लागतो. आमचा माल कुठे? पाण्यात. शेठ म्हणाले, तू ढिवराचा पोरगा, तूच लाव अंदाज. मी लावला. पावसाळ्यात बीज किती सोडलं, त्यातलं किती जगतं, एकेक मासोळी किती भरते, बाजारात भाव काय — गुणाकार. जे बाबांनी जन्मात केलं नाही, ते मी टायपिंग करून दरवर्षी सहीला ठेवू लागलो. आणि कागदावरची मासोळी मरत नाही हो. हेच तर तिचं सुख.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस आलाच नाही. धान वाचवायला सगळ्या तलावांचं पाणी शेतांना सोडलं. होळीपर्यंत आमच्या तलावात चिखल आणि त्यात उभे बगळे. मी स्वतः पाळीवर जाऊन पाहून आलो होतो. तरी ताळेबंदात साठा गेल्या वर्षीपेक्षा थोडा जास्तच लिहिला. शेठला बँकेकडून कर्ज वाढवून पाहिजे होतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. नोकरी होती — पण थांबा, कबूल करायचं ते हे नाही. हे तर पुष्कळ जण करतात.

एप्रिलातला रविवार. ऑफिसात मी एकटा, कूलर घरघरतोय. सहज म्हणून — सहज कशाला, मनात किडा होताच — मी तोच ताळेबंद पुढ्यात घेतला आणि तलावातली मासोळी खोडली. मग एकेक गुणोत्तर काढत गेलो. पहिलं एकाच्या पार खाली. माल वगळून काढलेलं तर बघवेना. व्याज नफ्यातून सुटत नव्हतं, ते नव्या ठेवीदारांच्या पैशातून जात होतं. पाचांचा मिळून आकडा काढला, तो रेषेच्या इतका खाली होता की मी कुठे चुकलो म्हणून पुन्हा मांडला. चुकलो नव्हतो. घाम आला, पण खोटं कशाला बोलू, पोटात थोडी गुदगुलीही झाली. पुस्तकातलं खरं निघालं होतं!

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेलो. माझे स्वतःचे पैसे कंपनीत होते, ते परत द्या, चंद्रपुरातच तुकूमला प्लॉट घेतोय म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय समजायचं ते समजले. चेक लिहिला आणि म्हणाले, जरा थांबून टाक बँकेत, आणि बाहेर बोलू नको. 

चेक खिशात होता, अजून वटला नव्हता, आणि तेवढ्यात बाई आली. गावाहून एसटीने, भर उन्हात, कारखान्याच्या फाटकाशी उभी. तिने तलाव पाहिलाच होता. कोणी न शिकवता तिचा जीव खालीवर झाला होता.

"बापू, तलाव पुरा आटून राह्यला. मासोळी नाई, तं कंपनी कशी चालन रे? पैसे काढून घेऊ का मी?"

किती सरळ प्रश्न! माझी पाच गुणोत्तरं तिने एका दमात विचारली. आणि मी — मी काय केलं? मी विचार केला. हो, विचार केला, घाईत तोंडातून निघून गेलं असं नाही. बाईच्या पोटात काही राहत नाही. तिने पैसे काढले की संध्याकाळपर्यंत गावाला कळणार, सकाळी अख्खा ढिवरवाडा फाटकाशी, आणि खात्यातलं होतं नव्हतं ते त्यांच्यात वाटलं जाणार. माझा चेक परत येणार. हे सगळं मी तिच्या तोंडाकडे बघत, तिच्या कपाळावरचा घाम बघत मनातल्या मनात मांडलं.

म्हणालो, "काऊन घाबरतं बाई? कंपनीचे दुसरे तलाव भरले आहेत. मी हिशेब पाहिला ना. दिवाळीले व्याजासकट घेजो."

"तू पाह्यला ना? मंग झालं," म्हणाली. पदराने तोंड पुसलं आणि परतीची गाडी पकडायला निघालीसुद्धा. मी तिला पाणीही विचारलं नाही.

माझा चेक वटला. मग तरी सांगता आलं असतं. महिने होते मध्ये! एक पोस्टकार्ड पुरलं असतं — पैसे काढ. पण मग तिने विचारलं असतं, बापू, तुले कधी कळलं? या एका प्रश्नाला भिऊन मी उन्हाळा घालवला आणि पावसाळाही. त्याच पावसाळ्यात वनिताचा नंबर नर्सिंगला लागला. फी भरायला पैसे मागायला बाई येणार होती, त्याआधीच कारखान्याची वीज कापली. पोळ्यानंतर एके सकाळी फाटकाला कुलूप होतं, शेठ गायब, आणि आतला बर्फ वितळून पाणी फाटकाखालून रस्त्यावर वाहत होतं. गावची माणसं त्या पाण्यात चपला हातात घेऊन उभी होती. बाई रडली नाही. ती गर्दीत मला शोधत होती.

कशाला, ठाऊक आहे? दोन दिवसांनी माझ्या खोलीवर आली. सोबत पळसाच्या पानात बांधलेले झिंगे. चूल नव्हती, स्टोव्हवरच तिने कालवण केलं, भात टाकला, मला वाढलं. म्हणाली, "तुह्ये बी गेले ना रे? प्लॉटासाठी ठेवले होते तू. जेव बापू, काल्जी नको करू. जीव आहे तं सारं आहे."

मी जेवलो. दोनदा भात घेतला. यापेक्षा नीच माणूस तुम्ही पाहिलाय का?

वनिता नर्स झाली नाही. पुढच्या वर्षी तिला अहेरीकडे देऊन टाकली. आता ती आश्रमशाळेत स्वयंपाक करते. एकदा कामानिमित्त तिकडे गेलो होतो. एका पोराचं ढोपर फुटलं होतं आणि ती खाली बसून, हळद लावून चिंधी बांधत होती, इतकी नीट, इतकी न दुखवता. मला बघून "मामा!" म्हणत हात पुसत धावत आली. मी तिला बसची वेळ झाली म्हणालो. झाली नव्हती.

प्लॉट मी घेतला, दोन-तीन वर्षं थांबून, संशय नको म्हणून. घर बांधलं. बाई वास्तुशांतीला आली, भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाली, बुडालेलं देवानं दुसरीकडून देलं.

मागच्या महिन्यात गावात लग्न होतं. मांडवात कोणीतरी जुन्या कंपनीचा विषय काढला, आणि ऑफिसात बसणाऱ्यांना सगळं आधीच माहीत होतं, असं काहीसं बोललं. बाई ताडकन उठली. आता तिचे गुडघे धरतात, तरी उठली. सगळ्यांदेखत ओरडून म्हणाली, "माह्या भावाचे बी बुडाले! इचारा त्याले!"

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली — हो, बुडाले.