पहिल्या भस्माचा मान

आमच्या सासूबाई दानम्मा तशा मायाळू, पण नवऱ्याच्या बाबतीत वाटेकरी खपवून घेणाऱ्या नव्हेत. मी घरची सून, तरी मामंजींच्या ताटात भाकरी वाढायची मला मुभा नव्हती. तीन वर्षांपूर्वी मामंजी, म्हणजे चन्नबसप्पा, विसरायला लागले. आधी गंजगोलाईच्या बाजारातल्या स्वतःच्या दुकानाची वाट विसरले, मग सदऱ्याची बटणं. सासूबाईंनी कंबर कसली. आंघोळ, कपडे, भरवणं, सगळं त्यांच्याच हातून. वर्षभरात मामंजी घासही हातात धरेनात, आणि खोटं कशाला बोलू, सासूबाईंना त्यात थोडं सुखच होतं.

यंदा माझ्या नवऱ्याने मामंजींना लातुरातल्या एका दिवसभराच्या केंद्रात घातलं. स्मृतिभ्रंश झालेली माणसं तिथे सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात. तिथे त्यांची देखभाल करणारी मनिषा नायगावची, पंचविशीतली. पहिल्या दिवशी तिने तासभर मामंजींच्या सवयी विचारल्या. आधी चहा की आधी तोंड धुणं, इथपासून. माणसाला जे येतं ते त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही, वस्तू समोर ठेवायची आणि थांबायचं, ही त्यांची रीत. सासूबाईंनी सगळं सांगितलं, फक्त गळ्यातल्या लिंगाची रोजची पूजा लपवली. "ते घरचं हाय. तिला कशाला?" असं रिक्षात मला म्हणाल्या.

महिन्याभरात मामंजी आपल्या हाताने जेवायला लागले. सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी भरवलं की तोंड फिरवतेत, अन् त्या पोरीसमोर कसं गपागप!" रोज काहीतरी निमित्त काढून त्या केंद्रात जायच्या आणि मनिषाच्या वेणीपासून हसण्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवून यायच्या. मला हसू यायचं.

एका शनिवारी आम्ही दोघी डबा द्यायला गेलो. मामंजी पाटावर बसले होते. गळ्यातलं इष्टलिंग काढून त्यांनी डाव्या तळहातावर घेतलं होतं. घरी लिंग हातावर ठेवण्यापासून भस्म लावण्यापर्यंत सगळं आता सासूबाईच करत.

"बाबा सारखं गळ्याला हात लावून राहिले होते, काकू. लिंग दिसलं, म्हणून पाणी अन् भस्म समोर ठेवलं," मनिषा म्हणाली.

पूजा संपली. मामंजींनी तीन बोटं भस्मात घातली आणि मनिषाच्या कपाळावर ओढली.

लग्नापासून पूजेनंतरच्या पहिल्या भस्माचा तो मान सासूबाईंचा. आजारपणात तो कधी बंद पडला, ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सासूबाई तडक बाहेर पडल्या. "बेचाळीस वर्सं," एवढंच बोलल्या. दिवसभर पाण्याच्या घोटापलीकडे काही घेतलं नाही. मला त्यांचं हसू आलं नाही, मनिषाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी रविवार, केंद्राला सुट्टी. सासूबाईंनी पाट मांडला, पाणी आणि भस्म ठेवलं आणि समोर बसल्या. मामंजी नुसतेच बघत राहिले. सासूबाईंचे हात शिवशिवत होते, त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. मी पुढे झाले तर माझ्यावर डोळे वटारले. पाव तास गेला असेल. मग मामंजींचा हात गळ्याकडे गेला.

हळूहळू, मधेच थांबत, त्यांनी पूजा पुरी केली. भस्मात बोटं घातली आणि समोर पाहिलं.

"मनिषा, जरा पुढं सरक," मामंजी म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता उठून जातात.

"हाव, सरकते," त्या म्हणाल्या आणि कपाळ पुढे केलं.