पट्ट्याचं तिसरं भोक

संयमाचं तेज माणसाच्या अंगावर दिसतं, असं सबनीसांच्या सत्कारात आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. मधुमेही सबनीसांचं वजन दोन महिन्यांत नऊ किलोंनी उतरलं होतं. त्यांनी उभं राहून पट्ट्याला नव्यानं पाडलेलं तिसरं भोक दाखवलं. टाळ्या पडल्या, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना.

"अध्यक्ष, भाषण आवरा, आधी पाणी द्या!" मागून कोणीतरी ओरडलं.

शेजारी बसलेल्या सबनीसवहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "महिनाभर खोकतायत, भावजी. संध्याकाळी अंगात कणकण असते. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, पथ्य लागू पडलंय."

साखर वाढलेल्या शरीरात क्षय लवकर शिरतो, हे मी वाचलं होतं. तरी टाळ्या मीही वाजवल्या होत्या. माणूस सुधारतोय की झिजतोय, हे पट्ट्याला कळत नाही; आम्हालाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे त्यांची थुंकी तपासली.

क्षयच निघाला. बरे व्हाल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सहा महिने गोळ्या, साखर ताब्यात, आणि वजन वाढवायचं.