साळूबाईची दुपार

साळूबाईचं अर्धं आयुष्य तमिळनाडूतल्या सेलमच्या एका बोळात गेलं. नवरा नाथाजी गलाईवाला. सराफांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचा. कडेगाव-विट्याकडची कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगलेली, त्यातलंच हे एक. पुढं भट्टी, मागं स्वयंपाकघर, मधे पडदा. भट्टीला हवा देणारा विजेचा पंखा घुंऽऽ करत सुरू झाला की मालक कामाला बसले आणि थांबला की ताट वाढायचं, एवढं साळूबाईला न सांगता कळायचं.

त्या दिवशी जेवायची वेळ टळली तरी पंखा चालूच होता. तिनं आतूनच हाक मारली, "आवं, जेवायला या." उत्तर नाही. पुन्हा मारली. कामात असतील म्हणून ती मसूर निवडत बसली. भाकरी गार झाली तेव्हा चिडून पडदा सारला, तर नाथाजी भिंतीला टेकलेला, मान कलंडलेली. हात थंडगार. आणि पंखा आपला घुमतोय.

दिवसकार्य उरकलं. मुलगा शिवतेज दुकान सांभाळायला सेलमलाच राहिला आणि साळूबाई गावी, सुनेजवळ आली. सून सृष्टी कडेगावात औषधांच्या दुकानात कामाला. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. ज्या गावात साळूबाई आजवर जत्रेपुरती यायची, तिथं आता तिला अख्खी दुपार एकटीनं काढायची होती.

अशाच एका दुपारी भांडी पालथी घालून ती उंबऱ्यात टेकली आणि तिला तो आवाज ऐकू आला. घुंऽऽ. आधी वाटलं, कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर असेल. पण लाईट गेलेली होती. साळूबाईच्या अंगावर काटा आला. भीती मात्र वाटली नाही. उलट कितीतरी दिवसांनी जीव थाऱ्यावर आला. मालक कामात हायती, मग आपण कशाला घाई करायची?

इथंच सगळं बिनसलं. पंखा थांबल्याशिवाय जेवायचं नाही ही जन्माची सवय, आणि हा पंखा काही थांबेना. साळूबाई ताट झाकून बसून राही आणि सृष्टी यायच्या आत भाकरी शेजारच्या म्हशीला घालून येई. रात्री डोळा लागेना. चोळी अंगावर ढिली झाली.

थोरल्या जावेच्या हे ध्यानात आलं आणि तिनं साळूबाईकडून आवाजाचं काढून घेतलं. ती म्हणाली, "मालकाचा जीव घुटमळतोय बाई तुझ्याभवती. देवऋष्याला दावू. तो लावील वाटंला."

साळूबाई उठून आत गेली. वाटेला लावलं तर उरलं काय? त्या दिवसापासून तिनं आवाजाबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

उन्हाळा तापला. एके दिवशी आवाज घरात येईना; तो रानातून, उसातून यायला लागला. साळूबाई चप्पल न घालता उठली. या खेपेला बसून राहायचं नाही, जाऊन बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पुरुषभर वाढलेला ऊस. आत शिरलं की आभाळसुद्धा दिसत नाही. पाल्यानं हात, गाल चिरत गेले. ती पुढं जाई तसा आवाज आणखी पुढं सरके.

सृष्टी घरी आली तर दार सताड उघडं. तिनं शेजारीपाजारी गोळा केले. उसाच्या मधोमध, सरीत बसलेली साळूबाई सापडली. ओठ सुकलेले, आवाज बसलेला.

"आत्या, इथं काय करताय?"

"जेवायला बोलवतीया त्यास्नी. तवा गेले न्हाई गं मी. पंखा चालू हुता, म्हणून गेले न्हाई."

सृष्टीनं तिला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी ती सासूला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं समुपदेशनाला संयोगिता नावाच्या बाई बसायच्या. साळूबाईनं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "गोळ्या खाल्ल्या तर आवाज जाईल का?"

"जाईल, किंवा नाही जाणार," संयोगिता म्हणाल्या. "जवळचं माणूस गेल्यावर पुष्कळांना त्याचा आवाज येतो. ते वेड नाही. मला तो आवाज घालवायची घाई नाही. पण तुम्ही जेवत नाही, झोपत नाही, कुणाशी बोलत नाही. त्याचं आधी बघू."

डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. संयोगितांनी सांगितलं की दुपारी एकटीनं राहायचं नाही, आणि नाथाजींविषयी मनात काही आलं की ते मोठ्यानं कुणाला तरी सांगायचं.

"कुणाला सांगू?" घरी येऊन साळूबाई म्हणाली. "हितं त्यास्नी वळखतंय कोण?"

तेव्हा सृष्टीला सुचलं. तिनं सेलमची शेजारीण सेल्वी हिचा नंबर लावून फोन सासूच्या हातात दिला. पलीकडून "अक्का" अशी हाक आली आणि साळूबाई घडाघडा तमिळ बोलायला लागली. सृष्टीला एक अक्षर कळत नव्हतं. बोलता बोलता सासू तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"काय म्हणाल्या त्या?"

"तिनं बी ऐकला हुता पंखा. म्हणती, समद्या गल्लीनं ऐकला. समद्यास्नी वाटलं, अण्णा कामात हायती."

त्यानंतर साळूबाई दुपारी शेजारच्या खळ्यावर हळद मोडायला जाऊ लागली. उकडून वाळलेल्या हळदीची बोटं गड्ड्यापासून सुटी करायची, हात पिवळे करून घ्यायचे. सुरुवातीला बायांच्या गप्पा तिला सोसायच्या नाहीत. उठून यावंसं वाटे. कधी उठून येईही. पण बाया जेवायला बसल्या की तिच्याही हातावर कुणीतरी भाकरी ठेवी आणि ती खाल्ली जाई.

मग एक दुपार अशी गेली की आवाज आलाच नाही. घरी आल्यावर तिच्या हे ध्यानात आलं आणि ती हबकली. घरभर फिरली, भिंतीला कान लावला. नाथाजी त्या दिवशी खरोखर गेला. ती सृष्टीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि सृष्टीनं तिला रडू दिलं.

आवाज पुढंही येई, अधूनमधून, ध्यानीमनी नसताना. साळूबाई हातातलं काम थांबवून ऐके. अंगावर काटा तसाच येई. मग ती जेवून घेई.

वर्षश्राद्धाला शिवतेज आला. दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली. विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई आई, काम लय हाय." पण पंगतीत त्याचा घास तोंडापाशी थांबलेला साळूबाईनं बघितला. बाप जिथं टेकून बसला होता, त्याच भिंतीशी हा वर्षभर एकटा बसत होता. आपल्या दुःखात तिला हे सुचलंच नव्हतं.

माणसं पांगल्यावर ती त्याच्याजवळ सरकून बसली. "बाबा, मला रानातनं उचलून आणलं हुतं, सृष्टीनं सांगितलं का तुला?"

शिवतेजनं मान डोलावली.

"मग माझ्यापाशी काय लपवतुस?"

"त्या भिंतीकडं पाठ करून बसता येत न्हाई मला," तो म्हणाला. "आणि तोंड करून बी बसता येत न्हाई."

"चार दिस ऱ्हा," साळूबाई म्हणाली. "त्या दवाखान्यातल्या बाईंकडं आपुन दोघं जाऊ."