दारास डकवले

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी बेलिफ आहे. समन्स पोचवायचं, घेतल्याची सही आणायची. घराला कुलूप असलं तर दोन पंचांसमोर दाराला डकवायचं आणि तसा अहवाल लिहायचा. वीस-एक वर्षं हेच करत आलो. त्यातल्या एका अहवालाबद्दल मी बायकोलासुद्धा काही सांगितलं नव्हतं.

समन्स एका तांड्यावरच्या विधवा बाईच्या नावाचं होतं. ती राहते ती घरजागा आपली आहे, असा दावा तिच्या चुलत दिरानं लावला होता. हळद शिजवायचे दिवस, ऊन चढलेलं. एस.टी.तून फाट्यावर उतरलो. तांडा तिथून तीन किलोमीटर. फाट्यावरचा हॉटेलवाला म्हणाला, तांडा सगळा ऊसतोडीला गेलाय, कुत्रंसुद्धा भेटायचं न्हाई. मी बसल्या जागी अहवाल लिहिला: 'घर कुलूपबंद. पंचांसमक्ष दारास डकवले.' हॉटेलवाल्यानं आणि एका गिऱ्हाइकानं पंच म्हणून सह्या केल्या. समन्स घडी करून बॅगेत टाकलं. परतीची गाडी लगेच मिळाली म्हणून बरं वाटलं होतं, तेही खरंच.

बाई तारखेला आली नाही. यायची कशी? निकाल एकतर्फी लागला, आणि वर्षभरानं त्या जागेचा ताबा घ्यायचं वॉरंट माझ्याच हातात आलं.

या वेळी चालत गेलो. दीर मागून ट्रॅक्टर घेऊन येणार होता. तांड्यात घर विचारलं आणि समोर जाऊन उभा राहिलो. विटांच्या दोन खोल्या. चौकट होती. दार नव्हतं. चौकटीत जुनं लुगडं टांगलेलं, वाऱ्यानं हलत होतं.

लुगडं बाजूला सारून बाई बाहेर आली. बाईला विचारलं, दार कधी काढलं?

"काढलं न्हाई, दादा. बसवलंच न्हाई अजून."

मग तिनं आपणहूनच सांगितलं. गेल्या साली सगळे तोडीला गेले, पण सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती घरीच होती. कोर्टाचा कागद तिनं कधी पाहिलाच नव्हता. मी वॉरंट वाचून दाखवलं तेव्हा ती चौकटीला धरून खाली बसली.

दीर आला. पोलीस बंदोबस्त नाही, असं कारण सांगून मी वॉरंट परत नेलं. निघताना बाईला हळूच म्हणालो, वकील गाठा, समन्स मिळालंच नाही म्हणून अर्ज द्या. अहवाल कुणी लिहिला ते मात्र सांगितलं नाही.

अर्ज आला आणि माझी झोप गेली. नोकरी जाईल, पोरीचं लग्न ठरत आलेलं, पाहुणे काय म्हणतील? शेवटी न राहवून एका जुन्या बेलिफाला तेवढं सगळं सांगितलं होतं. साक्षीच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "काय रे, रातच्याला जाऊन दार बसवून आलास का न्हाई?" मी हसलो नाही. कारण तो विचारसुद्धा माझ्या मनात येऊन गेला होता.

साक्षीला उभा राहिलो. बाई मागच्या बाकावर, पदर घट्ट धरून. तिच्या वकिलांनी एकच विचारलं: ज्या दाराला समन्स डकवलं, त्याचा रंग कोणता?

तपकिरी, हे उत्तर मी पाठ करून आलो होतो. ते ओठांवर आलंही.

"दार नव्हतं, साहेब," मी म्हणालो. "मी तिथं गेलोच नव्हतो."

न्यायाधीशांनी टायपिस्टला थांबवलं आणि मला पुन्हा सावकाश सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना फाट्यावरूनच परत फिरलो, तेही सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली होती. मी हात जोडले. तिनं जोडले नाहीत.

"तीन किलोमीटर व्हतं, दादा," ती म्हणाली. "सासूच्या गोळ्यांसाठी मी त्याच उन्हात फाट्याला येत व्हते."

एकतर्फी हुकूम नंतर रद्द झाला. दावा आता पहिल्यापासून चालू आहे आणि घर तूर्त तिच्याकडं आहे. माझी खात्याची चौकशी लागली आहे. का गेला नाहीत, असं विचारतील. ऊन होतं, असं मी सांगणार नाही.